वाटी, सुई आणि छापील पान

मराठी मध्यमवर्गीय घरात स्त्रीच्या हाती पुस्तक आले ते बहुधा स्वयंपाक आणि शिवण यांच्या आडोशाने. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून पुढच्या शंभर वर्षांत पाककृती, भरतकाम-विणकाम आणि वाचन यांनी दुपारची तीच वेळ आणि माजघराचा तोच कोपरा वाटून घेतला. त्याआधी पहिल्या दोन गोष्टी बघून शिकायच्या होत्या आणि तिसरी ऐकण्याची होती. छापील कागद घरात आल्यावर तिन्हींचे रूप पालटले. अक्षरओळखीइतकाच, किंबहुना अधिक महत्त्वाचा बदल झाला तो मापाचा. ज्या बाईने सासूचा किंवा आईचा हात पाहिलेला नाही, तिलाही पदार्थ जमावा आणि नमुना उतरवता यावा, अशा रीतीने गोष्टी सांगण्याची गरज प्रथमच निर्माण झाली.

पाककलेवरचे लेखन महाराष्ट्राला नवे नव्हते. बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात राजाच्या भोजनाचा विस्ताराने विचार केला. सतराव्या शतकातल्या रघुनाथ नवहस्ताचे ‘भोजनकुतूहल’ही संस्कृतातच आहे. तंजावरच्या भोसल्यांच्या दरबारात सरफोजी राजांच्या काळी ‘शरभेंद्र पाकशास्त्र’ मराठीत लिहिले गेले. पण हे सारे ग्रंथ राजवाड्यातले किंवा पंडितांच्या दप्तरातले. घरोघरच्या चुलीशी त्यांचा संबंध नव्हता, कारण चुलीशी बसणारीला ते वाचता येत नव्हते आणि तिला त्यांची गरजही नव्हती.

तिचे ज्ञान वेगळ्या भाषेत होते, आणि ते ढोबळ होते असे समजणे चूक ठरेल. साखरेचा पाक एकतारी झाला की दोनतारी, हे अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये ओढलेल्या तारेवरून ठरे. गोळीबंद पाकाचा थेंब गार पाण्यात टाकून गोळी वळते का, ते पाहत. अनारशांची कृती या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचे, मग कपड्यावर पसरून ते अर्धवट सुकले की कुटायचे आणि पीठ बारीक चाळणीने चाळायचे. जितके पीठ तितकाच गूळ घालून, थोडे तूप लावून त्याचा गोळा करायचा आणि काही दिवस मुरू द्यायचा. खसखशीवर थापलेला अनारसा तुपात सोडताच विरघळून पसरला, तर ‘अनारसा हसला’ असे म्हणतात. ओल जास्त राहिली किंवा गूळ जास्त पडला की तो हसतो. मग त्या गोळ्यात आणखी पीठ मिसळून एकच अनारसा पुन्हा तळून पाहायचा आणि तो जमला तरच पुढचा घाणा घालायचा. हे सगळे प्रयोगच होते, फक्त त्यांची नोंद कागदावर होत नव्हती.

शिवणाचेही तसेच. नऊवारी लुगडे आणि धोतर ही न शिवलेली वस्त्रे असल्यामुळे घरात कात्रीचे काम मर्यादित होते. अंगरखे, बंड्या, पगडीचे काम शिंप्याकडे वा पगडबंदाकडे जाई. बायकांच्या हाती राहिली ती चोळी, गोधडी आणि बाळाचे कपडे. खण पाहून चोळी बेतणे ही अक्कल लागणारी गोष्ट होती. कापडाची पट्टी लहान, त्यात पाठ, बाह्या, ठुशी सगळे बसवायचे आणि कातरण वाया जाऊ द्यायचे नाही. जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक घालून धावदोऱ्याने शिवलेली गोधडी किंवा वाकळ हे गरीब-श्रीमंत सगळ्यांच्या घरचे काम होते. बाळंतविडा हा मात्र खास कौतुकाचा भाग. झबली, टोपडी, दुपटी, लंगोट, पाळण्यावर टांगायचे चिमणाळे आणि डोक्यावरून पाठीवर उतरणारी खणाची कुंची, असा सरंजाम आत्या किंवा मावशी घेऊन येई, आणि सोबत बाळंतिणीसाठी डिंकाचे, अळिवाचे लाडू. नव्या कापडाचा चरा बाळाच्या अंगाला लागू नये म्हणून पहिली झबली वापरून मऊ झालेल्या धोतराची किंवा लुगड्याची करीत.

वाचनाचा प्रश्न अवघड होता. चातुर्मासात पोथी लागे, श्रावणात वारांच्या कहाण्या होत, ‘शिवलीलामृता’चा अकरावा अध्याय अनेक स्त्रियांना तोंडपाठ असे, पण पोथी वाचणारा बहुधा पुरुष, आणि बायका वाती वळत किंवा तांदूळ निवडत ऐकणाऱ्या. शिकलेल्या बाईला वैधव्य येते, ही समजूत वरच्या जातींत पक्की होती. ज्या जातींना पोथीच्या जवळही येऊ दिले जात नव्हते, तिथल्या बायकांची गोष्ट तर आणखी दूरची.

मुलींच्या पहिल्या शाळा मिशनऱ्यांनी काढल्या. अमेरिकन मराठी मिशनच्या सिंथिया फरार 1827 मध्ये मुंबईत आल्या आणि 1839 पासून अहमदनगरला त्यांनी मुलींच्या शाळा चालवल्या. मिशनच्या शाळांत वाचन-लेखनाबरोबर सुईकाम असे, आणि त्याचा दुहेरी उपयोग होई. मुलगी काहीतरी हाताला येणारे शिकते आहे असे आईबापांना वाटे, आणि शिक्षिकांच्या मते शिवण म्हणजे नीटनेटकेपणाचे वळण. जोतीराव फुल्यांनी फरारबाईंची शाळा पाहिली होती. 1848 मध्ये त्यांनी आणि सावित्रीबाईंनी पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा सुरू केली. या शाळांतून जे विणकाम आले ते परदेशी होते. दोन सुयांचे लोकरी काम, क्रोशाची लेस, जाळीदार कापडावरचे फुलीचे टाके, यांपैकी कशाचीही उष्ण हवेच्या, लोकर न वापरणाऱ्या घरांना गरज नव्हती. तरीही ते रुजले, कारण त्याला ‘शिकलेल्या मुलीची कला’ अशी प्रतिष्ठा मिळाली.

पुढे हेच सुईकाम वादाचे हत्यार झाले. 1884 मध्ये पुण्यात हुजूरपागेत मुलींचे हायस्कूल उघडले. तिथे इंग्रजीसह बराचसा मुलांच्या शाळेसारखाच अभ्यासक्रम ठेवला, तेव्हा टिळकांच्या बाजूने ‘मराठा’ पत्रातून त्यावर टीका झाली. मुलींना मातृभाषा, धर्मनीती आणि सुईकाम शिकवावे, शाळेचे तास कमी असावेत आणि घरकामासाठी त्यांना वेळ उरावा, असा तिचा रोख होता. म्हणजे ज्या सुईने मुलीला शाळेत आणले, तीच आता तिने किती शिकावे याची मर्यादा सांगण्यासाठी पुढे केली जात होती. हा तिढा पुढची पन्नास वर्षे सुटला नाही.

घरातल्या घरात शिकणाऱ्यांचा मार्ग वेगळा होता. 1873 मध्ये अकराव्या वर्षी लग्न होऊन आलेल्या रमाबाई रानड्यांना न्यायमूर्ती रानड्यांनी लिहायला-वाचायला शिकवले; घरातल्या वडीलधाऱ्या बायकांना ते मुळीच रुचले नाही. ‘आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी’ हे त्यांचे आत्मकथन 1910 मध्ये निघाले. काशीबाई कानिटकरांनीही सासरच्या विरोधातून वाट काढत वाचन वाढवले, आणि 1889 मध्ये डॉ. आनंदीबाई जोशी यांचे चरित्र लिहिले. अशा वाचकांना पुरेसे वाचायला मिळू लागले ते 1890 पासून. त्या वर्षी हरि नारायण आपट्यांनी ‘करमणूक’ साप्ताहिक काढले आणि त्यातून ‘पण लक्षांत कोण घेतो!’ ही कादंबरी क्रमशः येऊ लागली. एका बाईने स्वतःची कहाणी स्वतः सांगितल्यासारखी ती लिहिली आहे, आणि तिची नायिका यमू लग्नानंतर नवऱ्याच्या मदतीने शिकते. 1895 मध्ये का. र. मित्रांचे ‘मासिक मनोरंजन’ सुरू झाले. 1909 मध्ये त्याने मराठीतला पहिला दिवाळी अंक काढला. ठाण्याला 1893 मध्ये आणि मुंबईला 1898 मध्ये मराठी ग्रंथसंग्रहालये स्थापन झाली. ग्रंथालयातून पुस्तक आणणारा बहुधा घरातला पुरुष किंवा मुलगा असला, तरी ते कोणासाठी आणले आहे हे सगळ्यांना ठाऊक असे.

या वाचनाला घरात जागा मिळाली ती दुपारच्या जेवणानंतर. पंगती उठल्या, भांडी-शेण झाले की संध्याकाळच्या चुलीपर्यंत जो थोडा वेळ मिळे तो निवडण-टिपणाचा. एकीने वाचायचे आणि बाकीच्यांनी हातातले काम चालू ठेवून ऐकायचे, ही पोथीची जुनी रीत कादंबरीलाही लागू झाली. नुसते पुस्तक घेऊन बसलेली बाई आळशी ठरे. मांडीवर सूप किंवा हातात विणकाम असेल तर तिला कोणी काही म्हणत नसे.

संस्था उभ्या करणाऱ्यांनी सुईकडे कौतुकाच्या नव्हे, तर पोटापाण्याच्या दृष्टीने पाहिले. पंडिता रमाबाईंचे शारदा सदन 1889 मध्ये मुंबईत निघाले आणि पुढच्या वर्षी पुण्याला गेले. त्यानंतर केडगावच्या मुक्ती सदनात शिवण, विणकाम, छपाई असे उद्योग उभे राहिले. धोंडो केशव कर्वे यांनी 1896 मध्ये विधवांसाठी अनाथ बालिकाश्रम काढला. 1909 मध्ये पुण्यात रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने सेवासदन सुरू झाले आणि तिथे शिक्षिका, परिचारिका तयार करण्याबरोबर शिवणाचे वर्ग चालू लागले. केशवपन केलेल्या, भावाच्या घरी स्वयंपाकात राबणाऱ्या बाईला महिन्याकाठी चार पैसे हाती येण्याचा मार्ग म्हणून शिवणाचे यंत्र किती मोठे होते, हे या संस्थांना बरोबर कळले होते. 1916 मध्ये कर्व्यांनी महिला विद्यापीठ स्थापले. जपानमधल्या महिला विद्यापीठाची माहितीपत्रिका वाचून त्यांना ती कल्पना सुचली होती. कर्व्यांच्या विद्यापीठात शिक्षण मातृभाषेतून होते आणि गृहशास्त्राला अभ्यासक्रमात मानाचे स्थान होते. टिळकपक्षाच्या मागणीशी हे वरवर जुळते; पण एका ठिकाणी घरकाम हे शिक्षण आखडते घेण्याचे कारण होते, दुसऱ्या ठिकाणी ते पदवीचा विषय झाले. दोन्हींत महदंतर आहे.

पाककृतींची छापील पुस्तके याच काळातली. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे ‘सूपशास्त्र’ 1875 मध्ये प्रसिद्ध झाले. छापील मराठी पाकपुस्तकांत ते सर्वांत आधीचे मानले जाते. पस्तीस वर्षांनी, 1910 मध्ये, लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणीमित्र अथवा एक हजार पाकक्रिया’ आले. मुंबईच्या पाठारे प्रभू समाजाचा मासे-मटणाचा स्वयंपाक त्यात आल्यामुळे मराठी स्वयंपाक म्हणजे ब्राह्मणी स्वयंपाक ही कल्पना निदान कागदावर तरी मोडली. आधीचे पुस्तक पुरुषाचे आणि नंतरचे बाईचे, हा क्रम योगायोगाचा नाही. लिहिणारी बाई तयार व्हायला मधली एक पिढी जावी लागली.

छापील कृतीपुढची खरी अडचण मापाची होती. वजनाचा शेर ऐंशी तोळ्यांचा, सोळा छटाकांचा. पण धान्य मोजायचा शेर निराळा, आणि चार शेरांची पायली गावागणिक कमी-जास्त भरे. अधोली, चिपटे, कोळवे ही मापे कोठीच्या खोलीत ठीक होती, पण दोन माणसांच्या भाजीला त्यांचा उपयोग काय? आणि मूठ, चिमूट, पळी ही मापे तर हाताबरोबर बदलणारी. शिवाय जुन्या कृती पंचवीस-पन्नास पानांच्या पंक्तीसाठी सांगितलेल्या असत. मुंबईच्या चाळीत दोन खोल्यांत संसार मांडणाऱ्या मुलीला चौघांपुरते करायचे होते. सासू गावाला, आई दुसऱ्या गावाला, शेगडी नाहीतर घासलेटचा स्टोव्ह. पुस्तकाची गरज पडली ती या मुलीला. एकत्र कुटुंबातल्या सुनेला पुस्तक लागत नव्हते; तिने ते उघडले असते तर सासूचा अपमान झाला असता.

ऑगस्ट 1930 मध्ये शंकरराव किर्लोस्करांनी किर्लोस्करवाडीहून ‘स्त्री’ मासिक सुरू केले. नांगर आणि चरक बनवणाऱ्या कारखान्याच्या गावातून स्त्रियांचे मासिक निघावे, हे त्या काळाच्या उत्साहाला शोभणारेच होते. विवाह, घटस्फोट, संततिनियमन, नोकरी यांवरचे लेख, कथा, आणि त्यांच्या शेजारी विणकामाचे नमुने नि पाककृती, असा हा अंक असे. गंभीर वाचकांना ही नमुन्यांची नि कृतींची पाने हलकी वाटत. पण लोकरीच्या नमुन्यासाठी घेतलेला अंक घरात राही आणि मग त्यातला घटस्फोटावरचा लेखही वाचला जाई. सासऱ्यांना अंकाची वर्गणी भरायला लावण्यासाठी विणकामाइतके निरुपद्रवी कारण दुसरे नव्हते.

नमुने छापण्यातून मराठीत एक स्वतंत्र परिभाषा तयार झाली. दोन सुयांवरच्या कामाला ‘सुलट’ आणि ‘उलट’ टाके, क्रोशाला ‘साखळी’, ‘खांब’, ‘अर्धा खांब’ आणि ‘मुका खांब’. ‘पहिल्या ओळीत 5 साखळ्या, त्याच घरात 1 खांब, 2 साखळ्या, पुढची 2 घरे सोडून 1 मुका खांब’ असे वाक्य ज्या बाईने कधी गणिताचे पुस्तक उघडले नव्हते ती सहज वाची आणि तारांकित भाग ओळ संपेपर्यंत पुन्हा पुन्हा करी. भरतकामात साखळी टाका, काश्मिरी टाका, कच्छी टाका, गाठीचा टाका ही नावे घरगुती झाली. ‘लेझी-डेझी’ला मात्र कोणी मराठी नाव शोधले नाही. शिवणाच्या बाबतीत हेच काम शिवणवर्ग चालवणाऱ्या झारापकरांच्या कटिंगच्या पद्धतीने केले. छातीच्या मापावरून बाकीची मापे काढून कागदावर आकृती आखायची आणि मगच कापडाला कात्री लावायची. 1930 च्या दशकात कोलकात्यात बनू लागलेले उषा शिवणयंत्र स्वातंत्र्यानंतर मध्यमवर्गीय घरांत आले. काहींच्या घरी ते मुलीच्या लग्नात दिले गेले.

लग्नातले रुखवत हे या सगळ्याचे प्रदर्शन. मुळात रुखवत म्हणजे लग्नाआधी मुलीकडून वरपक्षाला जानवशावर नेऊन दिलेला फराळ. लाडू, चिरोटे, अनारसे, आणि हाताने वळलेले गव्हले, मालत्या, नखुल्या, बोटवे यांना त्यात मान असे. शेवयांच्या जातीचे हे वळवट गव्हाच्या रव्याचे किंवा मैद्याचे करीत आणि उन्हात वाळवून खिरीसाठी ठेवीत. विसाव्या शतकात या फराळाशेजारी मुलीच्या हातचे काम मांडायची पद्धत पडली. मॅटीच्या कापडावरचे फुलीच्या टाक्यांचे ‘सुस्वागतम्’, क्रोशाचे टेबलक्लॉथ, मण्यांचे तोरण, कशिद्याचे उशीचे अभ्रे, पुढे टीव्ही आल्यावर त्याचेही आच्छादन. यांतल्या कितीतरी वस्तू मुलीने मासिकातला नमुना समोर ठेवून केलेल्या असत आणि काही शेजारणीने करून दिलेल्या. रुखवतावर टीका झाली ती रास्तच होती, कारण ते हुंड्याच्या देवघेवीला चिकटून वाढले आणि त्याचा भार मुलीच्या आईवर पडला. पण अनेकींच्या बाबतीत, स्वतःच्या नावानिशी चारचौघांत मांडलेले ते एकमेव काम होते.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, 1943 मध्ये मुंबईत रेशनिंग आले आणि साखर, तांदूळ, गहू मोजून मिळू लागले. तेव्हा काटकसरीच्या कृतींना भाव आला. नंतर सरकारने मापाचा घोळ मिटवला. 1956 च्या कायद्याने दशमान वजने-मापे ठरली आणि 1958 पासून ती टप्प्याटप्प्याने अमलात आली. शेर सुमारे 933 ग्रॅमचा होता, म्हणजे पावशेर 233 ग्रॅमचा. बाजारात अडीचशे ग्रॅम आले तरी गिऱ्हाईक ‘पावशेर’च मागत राहिले. घरात ग्रॅमचा काटा मात्र आला नाही.

ही कोंडी फोडली कमलाबाई ओगल्यांच्या ‘रुचिरा’ने. कमलाबाई (1913–1999) सांगली जिल्ह्यातल्या कुंडलच्या. शाळेत जेमतेम चार इयत्ता शिकलेल्या. 1970 मध्ये त्यांचे पुस्तक आले आणि त्यात मापे होती वाटी आणि चमच्याची. वाटी घरोघरी वेगळी असते, हा आक्षेप वरवर खरा आहे. पण एका कृतीत सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच वाटी वापरली तर प्रमाण बिघडत नाही; वाटी लहान असेल तर पदार्थ कमी होतो, चुकीचा होत नाही. त्या सुमारास घरोघर होत असलेली सात कपांची वडी याच तत्त्वावर उभी आहे. बेसन, ओले खोबरे, दूध आणि तूप प्रत्येकी एक कप, साखर तीन कप, सगळे एकदम पातेल्यात घालून मंद आचेवर कडा सुटेपर्यंत ढवळायचे. पाकाची तार बघायची गरज नाही, आईचा हात आठवायची गरज नाही. ‘रुचिरा’ एक लाखाहून अधिक घरांत पोचले आणि कमलाबाईंना ‘सव्वा लाख सुनांची सासू’ म्हणू लागले. सुनेने पुस्तक उघडले तर सासूचा अपमान, ही जुनी अडचण या नावाने हसतखेळत निकालात निघाली. मंगला बर्वे यांचे ‘अन्नपूर्णा’ही याच पिढीच्या स्वयंपाकघरात फळीवर असे.

तोवर वाचनाला आडोशाची गरज उरली नव्हती. मुंबई आकाशवाणीचे ‘वनिता मंडळ’ दुपारी घराघरांत ऐकले जाई, ‘स्त्री’च्या बरोबरीने इतर मासिके फिरत्या वाचनालयांतून येत. ‘स्त्री’च्या शेवटच्या काळातल्या संपादक विद्या बाळ यांनी 1989 मध्ये ‘मिळून साऱ्याजणी’ काढले. त्या मासिकाला तग धरण्यासाठी विणकामाच्या नमुन्यांचा आधार घ्यावा लागला नाही. पाककृतींनी आपली स्वतंत्र जागा केली. जयंत साळगावकरांची ‘कालनिर्णय’ दिनदर्शिका 1973 मध्ये निघाली, ती स्वयंपाकघरातल्या खिळ्यावर लागली; पुढच्या चौकटींत दुधाचा हिशेब आणि पानामागे पाककृती. पुढे तिच्या पाककृती स्पर्धेतून वाचक बायकांच्या कृती त्याच पानांवर छापून येऊ लागल्या.

या इतिहासाची छापील बाजू ग्रंथालयांत सापडते, हाती लिहिलेली नाही. मासिकांतली कात्रणे चिकटवलेल्या, तुपाचे डाग पडलेल्या वह्या, समासात ‘गूळ कमी घालणे’ अशा सूचना लिहिलेल्या कृती, लोकरीचे तुकडे टाचलेले नमुने हे माळ्यावर पडून राहते आणि घर बदलताना रद्दीत जाते. कृती करून पाहिल्याचा पुरावा असतो तो याच वह्यांत. ज्यांच्या घरी अशा वह्या असतील त्यांनी त्या जवळच्या ग्रंथसंग्रहालयाला दाखवाव्यात, आणि ग्रंथसंग्रहालयांनी त्या घ्याव्यात.